किडकी उत्तरं

आधीच माफी मागून ठेवतो. आठवणी लिहाव्यात असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी गेलो तो गणितात, जिथे दोन ओळींच्या मध्ये 'म्हणून' एवढंच मराठी लिहिलं तरी भागतं. शाळेत निबंधाचा प्रश्न मी शेवटी ठेवायचो आणि घंटा झाली की मला बरं वाटायचं. तरी लिहितो आहे, कारण माझ्यासोबत शिकणाऱ्या एका मुलीचं पुढे काय झालं, तिचं गणित चालू राहिलं की बंद पडलं, हा प्रश्न माझ्याजवळ काही वर्षं पडून होता. लिहिताना चुका होतील. वाचणाऱ्यांनी खूण करून ठेवावी. खूण कोणती करायची ते पुढे येईलच.

आमचं गाव वर्ध्याजवळच्या आंजीपासून थोडं आत आहे. आम्ही भाजीपाला करतो, वांगी जास्त. तोडलेली वांगी सकाळी अंगणात ओततात आणि घरातले सगळे भोवती बसून निवडतात. किडकं वांगं बाहेरून चांगलंच दिसतं, कधीकधी बाकीच्यांपेक्षा जास्त चकचकीत. अळी लहान असताना टोपीखालून आत शिरते आणि आतच मोठी होते. बाहेर दिसतं ते फक्त टाचणीच्या टोकाएवढं भोक, तेही दिसलं तर. माझी माय एक वांगं उचलते, बोटांत फिरवते, अंगठ्यानं टोपीची कड दाबते आणि बाजूला टाकते किंवा टोपल्यात ठेवते. शेजारणीशी बोलणं चालूच असतं. मीही लहानपणापासून हेच करत आलो. त्याचा गणिताशी काही संबंध असेल असं मला वाटायचं कारण नव्हतं.

वर्ध्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गेलो तेव्हा विकलनासाठी, म्हणजे डिफरन्शिएशनसाठी, एक जाड पुस्तक घेतलं. पुस्तकाचं नाव सांगत नाही. विकलनातलं बरंचसं मला त्यानंच शिकवलं आहे. शेवटी सगळ्या गणितांची उत्तरं होती. त्या पानांवर माझा फार विश्वास होता. आमच्या घरात छापील कागदाला मान आहे. माय जुनी लग्नपत्रिकाही फेकत नाही, डब्याच्या तळाशी घालते आणि डबा घासायला काढला की पुसून परत घालते. त्यामुळे माझं उत्तर आणि छापलेलं उत्तर वेगळं आलं की चूक कोणाची हा प्रश्नच मला पडत नसे. मी पान उलटायचो आणि पुन्हा पहिल्यापासून करायचो.

असाच एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये बसलो होतो. गणित होतं एक्स वर्ग गुणिले कंसात तीन एक्स अधिक एक, त्या कंसाचा चौथा घात. दोन गोष्टींचा गुणाकार आहे म्हणून आधी एकीचं विकलन करून दुसरीनं गुणायचं, मग दुसरीचं करून पहिलीनं, आणि बेरीज घ्यायची. त्यातली दुसरी गोष्ट म्हणजे डब्यात डबा. तिथे चेन रूल लागतो. आधी बाहेरच्या घाताचं करायचं, मग आतल्या कंसाचं करून त्यानं गुणायचं. माझं उत्तर आवरून शेवटच्या कंसात नऊ एक्स अधिक एक यायचं. पुस्तकात पाच एक्स अधिक एक होतं. बाकी सगळं सारखं. मी खोडून पुन्हा करत होतो, आणि पुन्हा नऊच येत होते.

समोरच्या बाकावरून आवाज आला, "तुम्ही सकाळपासून तेच करून राह्यले का?"

ती आमच्याच वर्गातली होती. बोरगाव मेघेला राहायची, वडील एका सरकारी कार्यालयात बाबू होते. वर्गात पुढच्या बाकावर बसायची, म्हणून मला तोपर्यंत तिची वेणीच माहीत होती.

"उत्तर येत नाही," मी म्हणालो.

"आलं ना. हे काय लिहिलं मग?"

"ते पुस्तकातलं नाही."

"पुस्तक का देवानं छापलं?"

शाळेत एक युक्ती शिकलो होतो, दोन उत्तरं सारखी आहेत का ते पाहायचं तर दोन्हींत एखादी किंमत टाकून पाहायची. तिच्यासमोर मूर्ख दिसू नये म्हणून मी घाईनं एक्सच्या जागी शून्य टाकलं. दोन्हीकडे शून्य आलं. मी म्हणालो, "दोन्ही बरोबर आहेत."

ती इतकी हसली की वाचनालयातल्या बाईंनी मान वर केली. हळू आवाजात म्हणाली, "बाहेर एक्स गुणून आहे. शून्य टाकल्यावर चूक निघंल कशी?"

आणि तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, वरचा थर पाहिला मी."

"काय?"

मला सांगावं लागलं. बाजारात टोपल्याचा वरचा थर सगळेच चांगला लावतात. घेणारा वर पाहत नाही, हात खाली घालतो आणि मधलं एखादं काढून फिरवून पाहतो. शून्य म्हणजे वरचा थर.

ती हसेल असं वाटलं होतं. तिनं आपल्या दप्तरातून कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाली, "मग घाला हात खाली."

आम्ही एक टाकला. माझं उत्तर बाराशे ऐंशी, पुस्तकाचं सातशे अडुसष्ट. आता दोघांतलं खरं कोण, हे कसं कळणार? तिनंच सांगितलं की उत्तरं सोडा, मूळ गणिताकडे जा. विकलन म्हणजे एक्स जरासा सरकला तर सगळं किती वेगानं सरकतं, तेवढंच. मग सरकवूनच पाहू. एकच्या जागी एक पॉइंट शून्य शून्य एक घेतला. ती आकडे दाबत होती आणि मोठ्यानं वाचत होती, मी लिहीत होतो. फरक काढला, भागाकार केला. बाराशे ब्याऐंशीच्या वर थोडं आलं. बाराशे ऐंशीला चिकटून. सातशे अडुसष्ट कुठच्या कुठे राहिले.

मग चूक शोधायला वेळ लागला नाही. पुस्तकवाल्यानं बाहेरचा घात उतरवला होता आणि आतल्या कंसाचे तीन गुणायचे राहून गेले होते. बाहेरून सगळं व्यवस्थित, आत खाल्लेलं. मी पेन्सिल घेतली आणि छापलेल्या उत्तराशेजारी एक लहान गोल काढून त्यात टिंब दिलं.

"हे काय?"

"किडकं," मी म्हणालो.

त्या दिवसापासून आमचं ते कामच झालं. तास संपले की वाचनालयात बसायचं, प्रकरणातली गणितं सोडवायची, उत्तरं निवडायची. तुम्हीचं तू कधी झालं ते कळलं नाही. ती मला 'वांगेवाले' म्हणायची, तेही आदरार्थी. "वांगेवाले, याच्यात हात घाल." बरोबर उत्तर निघालं की म्हणायची, "भरा टोपल्यात." बहुतेक किडकी उत्तरं चेन रूलची होती, आणि बहुतेकांत आतलंच राहून गेलेलं असायचं. माणूस बाहेरचं काम संपवतो आणि त्याला वाटतं झालं. मला स्वतःलाही तसं वाटायचं. पण ती दरवेळी विचारायची, "आतल्याचं केलं का?"

एकदा आमची चांगली फजिती झाली. साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं उत्तर आमचं आलं कॉस वर्ग वजा साइन वर्ग, आणि पुस्तकात होतं कॉस दोन एक्स. आम्ही इतके सरावलो होतो की किंमत न टाकताच गोल काढून टिंब देऊन मोकळे. मग सगळं पुस्तक घेऊन मोठ्या ऐटीत सरांकडे गेलो. सर आमचे चांगले होते. चष्मा कपाळावर चढवून एकेक खूण पाहत गेले, कागदावर करून पाहिलं, मान हलवली. त्या खुणेजवळ थांबले.

"हे कोणी फेकलं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"अरे, तेच आहे हे. कपडे बदलून आलं, एवढंच. घरच्या माणसाले ओळखलं नाई तुम्ही." मग खूण कशाची आहे विचारलं. मी सांगितल्यावर सर खूप वेळ हसले. "म्हणजे चांगलं वांगं फेकलं ना!"

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "वरून डाग होता, कीड नव्हती. तुले तरी कळायला पाहिजे होतं." मी म्हणालो, "पेन्सिल तुझ्या हातात होती." त्यावरून बसस्टॅंडपर्यंत भांडण झालं. ती सायकल हातात धरून चालत होती, खरं तर तिचं घर दुसऱ्या बाजूला होतं.

माझी बस आर्वीची. वर्ध्याहून आर्वीला जाणारी गाडी आंजीवरून जाते, मी मध्येच उतरतो. घड्याळ न पाहता तिला त्या गाडीची वेळ कळायची. कॅल्क्युलेटर बंद करायची आणि म्हणायची, "ऊठ, तुझी आर्वी लागली."

"मी आर्वीले जात नाई. आंजीले उतरतो."

"पाटी तं आर्वीचीच असते."

हे रोजचं होतं. रोजच्या गोष्टीत पुढे आठवण्यासारखं काही असेल असं तेव्हा वाटत नाही. आता मला तिचं बाकी बोलणं कमी आठवतं आणि आकडे वाचण्याचा आवाज जास्त. दोन, पॉइंट, आठ, आठ, थांब, चुकलं, दोन, पॉइंट. ती पॉइंटनंतर किंचित थांबायची, जणू पुढचा आकडा पायरी आहे आणि पाय सांभाळून ठेवायचा आहे.

वर्ष संपता संपता तिच्या वडिलांना कार्यालयातच लकवा मारला. शेवटच्या पेपरला ती दवाखान्यातून आली. पेपर झाल्यावर झाडाखाली उभी होती. काय बोलायचं असतं अशा वेळी, ते मला येत नव्हतं. मी विचारलं, "दुसऱ्या प्रश्नात आतल्याचं केलं ना?"

"केलं."

"दुसऱ्या वर्षाले येजो."

ती माझ्याकडे पाहून थोडी हसली. "तुझी आर्वी लागली असंल," म्हणाली.

निकाल लागला. दोघंही पास होतो. दुसरं वर्ष सुरू झालं, पुढचा बाक रिकामा राहिला, मग तिथे दुसरं कोणी बसू लागलं. तिच्याजवळ स्वतःचा मोबाइल नव्हता. वडिलांचा नंबर वर्गाच्या यादीत होता, पण आजारी माणसाच्या फोनवर, त्यांच्या मुलीसाठी, मी फोन करायचा आणि म्हणायचं काय? शेवटी मायला सांगितलं की एका दोस्ताचे वडील आजारी आहेत, पाहून येतो.

"मंग रिकामा जातं का?" माय म्हणाली आणि तिनं पिशवीत वांगी भरली. प्रत्येक वांगं दोनदा फिरवून पाहिलं. "आजाऱ्याच्या घरी किडकं नाई जावं."

बोरगाव मेघेत घर विचारत विचारत गेलो. कुलूप होतं. शेजारच्या काकू बाहेर आल्या.

"गेले ना ते. पुण्याले, मामाकडे. सामानसुमान भरून. तुम्ही कोण?"

"कॉलेजातला."

"कोणाच्या? तिच्या?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पिशवीकडे. "काय आणलं?"

"वांगे."

"आता परत कुठं नेता? द्या इकडे."

मी दिली. रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि पायी बसस्टॅंडवर आलो.

पुणं मी पाहिलेलं नव्हतं. म्हणून मला वाटेल तसं पुणं मी तिच्याभोवती उभं केलं. कधी ती मोठ्या कॉलेजात असायची, जिथे पुस्तकंसुद्धा बिनचूक असतात. कधी मामाच्या स्वयंपाकघरात असायची आणि कॅल्क्युलेटर कुठल्या तरी पेटीत, सेल फुगून गेलेले. दुसरंच चित्र जास्त वेळा यायचं. आमच्या वर्गातल्या आणखी दोघीजणी अशाच मध्येच दिसेनाशा झाल्या होत्या आणि त्यांच्याबद्दल कोणी विचारलंही नव्हतं. ती गणितात माझ्याहून पुढे होती. मी तिच्यामुळे टिकलो होतो. तीच मागे सुटली असेल आणि मी मात्र रोज त्या गाडीनं येतो आहे, हे मला गाडीत बसल्यावर बोचायचं.

मी किडकी उत्तरं शोधत राहिलो. एकटा आकडे दाबायचो, एकटाच लिहायचो, त्यामुळे वेळ दुप्पट लागायचा. एखादं सापडलं की समोरच्या बाकाकडे मान जायची. पुढची पुस्तकं अवघड होती, चुका जास्त खोल असायच्या. एकदा एका अवघड गणितात तीन पानं खर्ची घालून सिद्ध केलं की पुस्तकाचं चुकलं आहे, गोल काढला, टिंब दिलं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही. 'भरा टोपल्यात' किंवा 'फेका' म्हणणारं कोणी नसलं की निवडण्यात काही मजा नसते. माय शेजारणीशी बोलत बोलत वांगी का निवडते ते मला तेव्हा समजलं.

बीएस्सी झालो, एमएस्सीला तिथेच राहिलो. यंदा एमएस्सीचं दुसरं वर्ष, आणि सरांनी मला पहिल्या वर्षाच्या मुलांसोबत वाचनालयात बसायला सांगितलं, अडेल ते सांगायला. मुलं फारशी येत नाहीत, लाजतात. पावसाळा संपत आला तेव्हा एक मुलगी आली. आर्वीकडून जाणंयेणं करणारी. विकलनाचं तेच प्रकरण काढून बसली. पुस्तकही तेच होतं, नवीन छपाईचं.

थोड्या वेळानं म्हणाली, "दादा, हे किडकं हाय नं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय आहे?"

"किडकं. म्हणजे पुस्तकाचं उत्तर चूक हाय. याच्यात आतल्याचं राह्यलं." तिनं पुस्तक माझ्याकडे फिरवलं. एक्स वर्ग, कंसात तीन एक्स अधिक एक. नवीन छपाईतही पाच एक्स अधिक एकच होतं.

"तुला कसं कळलं?"

"एक टाकून पाह्यला. शून्य नाई टाकाचा. शून्य म्हणजे वरचा थर असते."

मी तिला काही विचारायच्या आधी पाणी पिऊन आलो. परत बसल्यावर म्हणालो, "हे कोणी शिकवलं?"

"आमच्या ट्यूशनच्या ताईनं. आर्वीले. लय सही शिकवत होत्या."

"आर्वीला? त्या पुण्याच्या ना?"

"पुण्याच्या कायच्या? पुण्याले त्याईच्या बाबाचा इलाज चालू होता म्हणून गेलत्या. थोडेच दिवस. मग आर्वीले आल्या, आजीच्या घरी. एक वर्ष कॉलेज सुटलं त्याईचं, मग तिथंच ॲडमिशन घेतली. बाबाले पाह्यचं, कॉलेज करायचं आणि संध्याकाळी आम्हाले शिकवायचं." मग तिला काहीतरी आठवलं. "त्या सांगत होत्या, त्याईच्या वर्ध्याच्या कॉलेजात एक वांगेवाले होते. त्याईनं शिकवलं म्हणे हे."

मी पुस्तक परत तिच्याकडे फिरवलं.

"तुम्हीही आर्वीच्याच गाडीनं जाता नं, दादा? मी पाह्यलं तुम्हाले. आंजीले उतरता."

"हो," मी म्हणालो. "आता त्या आर्वीलाच असतात?"

"आता कुठं? यंदा एमएस्सीले गेल्या, हैदराबादले. बाबा आता काठी घेऊन चालते, बाबानंच धाडलं जबरदस्ती." ती मोबाइल काढून बोट फिरवू लागली. "आमचा ट्यूशनचा ग्रुप हाय अजून. काल फोटो टाकला ताईनं, पाहा."

फोटोत एका पुस्तकाचं पान होतं. इंग्रजी, बारीक अक्षर, आणि त्यावरचं गणित मला अजून न शिकवलेलं. कडेला पेन्सिलीनं एक लहान गोल होता, आत टिंब.

"तिकडच्या पुस्तकातही निघालं म्हणे," ती म्हणाली.